बहात्तर तास, पण कोणाच्या घड्याळाचे?

विमानाच्या तिकिटांच्या धंद्यात वर्षं काढलेल्या माणसाला वेळेचा हिशेब नवा नसतो. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते, हे काउंटरवर बसणारा पहिल्या आठवड्यात शिकतो आणि पुढची सगळी वर्षं तेच गिऱ्हाइकांना समजावत राहतो. पण 2020च्या ऑगस्टपासून 2023च्या सुरुवातीपर्यंत आम्हा लोकांना कोविडच्या आरटीपीसीआर रिपोर्टचा जो जमाखर्च मांडावा लागला, त्यातून हा साधा हिशेब किती निसरडा आहे ते कळलं. ‘प्रवासापूर्वी 72 तासांच्या आतला निगेटिव्ह रिपोर्ट’ एवढीच ती ओळ. तिच्यात तीन प्रश्न लपलेले होते. तास मोजायचे कुठून, कुठपर्यंत, आणि कोणाच्या घड्याळाने? पुष्कळ देशांच्या फर्मानांत या तिन्हींची उत्तरं एकत्र कधी सापडत नसत. माझं म्हणणं असं आहे की हा तासांचा नियम दिसायला काटेकोर आणि आतून ढिला होता. रोग अडवण्याच्या कामी त्या काटेकोरपणाचा फारसा उपयोग नव्हता, भुर्दंड मात्र प्रवाशाने भरला. मुदत दिवसांत मोजायला हवी होती, तीही विमान जिथून निघतं त्या गावच्या तारखेने. आणि दिवस पुरेसा कडक वाटत नसेल, तर चाचणी विमानतळावरच घ्यायला हवी होती.

आधी एक गैरसमज बाजूला करू, कारण त्याच्यापायी लोकांनी विनाकारण झोप घालवली. पुण्यात स्वॅब दिला, मुंबईहून थेट विमान पकडलं आणि नियम ‘विमान सुटण्यापूर्वी 72 तास’ असा असेल, तर टाइम झोनचा या हिशेबाशी काडीचा संबंध नसतो. दोन्ही टोकं भारतीय घड्याळावरच आहेत. तरीही मुलाबाळांकडे अमेरिकेला निघालेले निवृत्त, हिशेबी, बँकेत आयुष्य काढलेले लोकसुद्धा त्यात साडेदहा तास मिळवत किंवा वजा करत बसत. त्यांचं काही चुकत होतं असं म्हणवत नाही. परदेश म्हटला की घड्याळ बदलतं, एवढं प्रत्येकाच्या डोक्यात पक्कं असतं. घड्याळ बदललं तरी उलटलेला काळ बदलत नाही, ही दुसरी अर्धी गोष्ट मात्र कोणी सांगितलेली नसते. गुरुवारी सकाळी दहाला घेतलेला स्वॅब रविवारी सकाळी दहाला बहात्तर तासांचा होतो. मग तो माणूस तेव्हा दादरला असो, दुबईला असो की अटलांटिकवर. घड्याळाचे काटे फक्त त्या क्षणाला वेगवेगळी नावं देतात.

घोळ होतो तो शेवटचं टोक दुसऱ्या घड्याळावर गेलं की. महाराष्ट्र सरकारने नोव्हेंबर 2020 मध्ये दिल्ली, राजस्थान, गुजरात आणि गोव्याहून येणाऱ्यांसाठी जो नियम काढला, त्यात विमानाने येणाऱ्याचा स्वॅब उतरण्याच्या ठरलेल्या वेळेआधी 72 तासांच्या आतला हवा होता आणि रेल्वेने येणाऱ्याचा 96 तासांच्या आतला. शेवटचं टोक उतरण्याचं होतं, पण अख्ख्या देशाचं घड्याळ एकच असल्यामुळे कोणाचं बिघडलं नाही. हाच ‘उतरण्याचा’ नियम समुद्रापार नेला की काय होतं ते पाहा. हिवाळ्यातली गोष्ट धरू. गुरुवारी सकाळी दहाला पुण्यात स्वॅब, रविवारी पहाटे अडीचला मुंबईहून न्यूयॉर्कचं विमान, सोळा तासांचा प्रवास. तिकिटावर उतरण्याची वेळ येते रविवार सकाळी आठ. रिपोर्टवरची वेळ आणि तिकिटावरची वेळ शेजारी ठेवून वजाबाकी केली तर उत्तर 70 तास. प्रत्यक्षात उलटलेले असतात साडेऐंशी. परतीच्या वाटेवर उलटं. न्यूयॉर्कजवळ शुक्रवारी संध्याकाळी सहाला स्वॅब, रविवारी रात्री नऊचं विमान, साडेचौदा तासांनी मुंबई, म्हणजे सोमवारी रात्री दहा. कागदावर 76, प्रत्यक्षात साडेपासष्ट. जाताना कागद माणसाला खोटाच तारतो, येताना खोटाच बुडवतो. बहुतेक देशांनी सुटण्याची वेळ धरली हे चांगलं झालं, पण प्रवाशाच्या मनात दोन्ही नियम शेजारी नांदत राहिले. गोव्याहून घरी येताना उतरण्यापर्यंत मोजलेलं, लंडनला निघताना सुटण्यापर्यंत मोजायचं, हे कुणाच्या ध्यानात राहणार?

आणि सुटण्याची म्हणजे कुठून सुटण्याची? मुंबई ते दोहा, दोहा ते शिकागो असा प्रवास असेल तर पहिलं विमान धरायचं की शेवटचं? हा प्रश्न मात्र अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने नीट सोडवला होता, ते मान्य केलं पाहिजे. सगळे टप्पे एकाच पीएनआरवर असतील आणि मधला कुठलाही थांबा 24 तासांहून लांब नसेल, तर मुदत पहिल्या विमानापासून मोजायची. तिकिटं वेगवेगळी काढलेली असतील किंवा थांबा लांबला असेल, तर अमेरिकेत उतरवणाऱ्या विमानापासून. स्वस्त पडतं म्हणून दोन कंपन्यांची दोन तिकिटं जोडणाऱ्याने ही ओळ वाचली नसेल, तर तिकिटात वाचवलेले पैसे परदेशी विमानतळावरच्या चाचणीत जायचे. भारताच्या स्वतःच्या नियमात ‘प्रवास सुरू करण्यापूर्वी 72 तास’ असे शब्द होते. ते उदारपणे वाचता येत होते आणि कंजूषपणेही, आणि कसे वाचायचे ते परक्या गावातल्या चेक-इन काउंटरवरची व्यक्ती ठरवत असे. तिच्या पुढ्यात टायमॅटिक नावाची नियमांची जंत्री उघडलेली असते. चुकीच्या कागदाचा प्रवासी नेला तर विमान कंपनी अडचणीत येते, त्यामुळे शंका आली की काउंटरवरच्या व्यक्तीचा कल नाही म्हणण्याकडे असतो. तिच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केलं असतं.

आता सुरुवातीचं टोक, म्हणजे स्वॅबची वेळ. ती सगळ्यात सरळ असायला हवी. नाकातोंडातून काडी फिरली तो क्षण, संपला विषय. पण रिपोर्टवर तो क्षण कसा पोचतो ते जवळून पाहावं. घरी सँपल घ्यायला मुलगा बाइकवर येतो. पाठीवर बर्फाच्या पिशव्यांचा डबा, हातात गुलाबी पाण्याची छोटी नळी. काडी नळीत मोडून टाकतो, झाकण घट्ट करतो, बारकोडचं स्टिकर चिकटवतो आणि फोनवर किंवा फॉर्मवर नोंद करतो. इथे पहिली फट असते. तो नोंद तिथेच करतो की पुढच्या चार घरांनंतर चहाच्या टपरीवर बसून एकदम पाचांची करतो, यावर कागदावरचा क्षण ठरतो. सेंटरवर गेलात तर पावती आधी फाटते आणि रांग नंतर लागते. संगणक पावतीची वेळच स्वॅबची म्हणून उचलतो. मग रिपोर्टवर तीन वेळा छापून येतात. सँपल घेतल्याची, प्रयोगशाळेत पोचल्याची, निकाल दिल्याची. प्रवाशाला वाटतं शेवटची खरी, कारण ‘रिपोर्ट 72 तासांच्या आतला’ याचा मराठी कानाला लागणारा अर्थ तोच. दुबईने एप्रिल 2021 पासून भारतातून येणाऱ्यांसाठी 48 तासांची मुदत लावली तेव्हा ती सँपल घेतल्यापासून मोजायची हे स्पष्ट सांगितलं होतं, आणि रिपोर्टवर क्यूआर कोडही मागितला होता. तरीही निकालाच्या वेळेपासून मोजणारे येतच राहिले. शब्द ‘रिपोर्ट’ ठेवायचा आणि मोजायचं सँपलपासून, म्हणजे नियमाच्या भाषेनेच लोकांना चकवा दिला.

मुंबईच्या बाबतीत यात आणखी एक भर होती, आणि ती कुठल्याही फर्मानात नव्हती, आपल्या बोलण्यात होती. इथली बरीचशी लांब पल्ल्याची विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. मराठी माणूस ‘शनिवारी रात्री दोनचं विमान’ म्हणतो तेव्हा कॅलेंडरवर रविवार उजाडलेला असतो. आपल्या पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, त्यामुळे या म्हणण्यात अडाणीपणा नाही. एक वेगळी, जुनी आणि चोख पद्धत आहे. पण विमान कंपनीचा वार रात्री बाराला बदलतो. तिकिटावर 15 तारीख, वेळ 02:30 असेल तर घरात सगळे 15च्या रात्रीची तयारी करतात. निघायचं असतं 14च्या रात्री. चाचणीच्या मुदतीत ही चूक शिरली की एका झटक्यात 24 तासांचा फरक पडतो, आणि तो भारताशी असलेल्या कुठल्याही टाइम झोनच्या फरकाहून मोठा. ज्या शहराने देशाचं घड्याळ ठरून गेल्यावरही आपली वेगळी ‘मुंबई वेळ’, 39 मिनिटांनी मागे, 1955 पर्यंत जपली, त्या शहराला खरं तर घड्याळांच्या भांडणाची सवय असायला हवी होती! असो.

एवढा घोळ सोसून आरोग्याचा फायदा झाला असता तर तक्रार नव्हती. पण चाचणी नेमकं काय सांगते ते बघा. संसर्ग झाल्याबरोबर आरटीपीसीआर पॉझिटिव्ह येत नाही. जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी 2020 मध्ये आधीच्या अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून जे मांडलं त्यानुसार, संसर्गाच्या पहिल्या दिवशी चाचणी अक्षरशः प्रत्येकाला निगेटिव्ह ठरवते. चौथ्या दिवशी खऱ्या रुग्णांपैकी सुमारे 67 टक्के निसटतात, लक्षणं दिसू लागतात त्या दिवशी सुमारे 38 टक्के, आणि त्यानंतर तीन दिवसांनी, म्हणजे चाचणी सगळ्यात चांगली चालते तेव्हासुद्धा 20 टक्के. म्हणजे फरक पडतो तो माणूस आपल्या संसर्गाच्या कितव्या दिवशी आहे यावर, आणि ती तारीख तर कोणालाच माहीत नसते. अशा चाचणीच्या निकालाला 71 तास 50 मिनिटांवर खरा आणि 72 तास 10 मिनिटांवर खोटा ठरवणं म्हणजे धान्य पायलीने मोजायचं आणि भाव गुंजेवर ठरवायचा. शिवाय स्वॅब दिल्यानंतरच्या तीन दिवसांत माणूस खरेदीला जातो, नातेवाइकांना भेटतो, विमानतळाच्या रांगेत उभा राहतो. त्या गाठीभेटींची नोंद कुठल्याच रिपोर्टमध्ये नसते.

म्हणून अमेरिकेने जानेवारी 2021 मध्ये नियम आणताना तास न लिहिता ‘तीन दिवस’ लिहिलं, आणि डिसेंबर 2021 मध्ये तो आवळताना ‘24 तास’ न म्हणता ‘एक दिवस’ म्हटलं, ही बारीक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. कारणही त्यांनी सांगून ठेवलं होतं. विमान किती वाजता सुटतं आणि स्वॅब किती वाजता घेतला, यावर रिपोर्टचं भवितव्य लटकू नये. ब्रिटननेही जानेवारी 2021 पासून दिवसच मोजले, शुक्रवारी निघणाऱ्याने मंगळवारी किंवा नंतर स्वॅब द्यावा इतकं सोपं. यात बाइकवरच्या मुलाने नोंद दहाला केली की साडेअकराला, याने काही बिघडत नाही. हवामानामुळे वा विमानाच्या बिघाडामुळे 24 तासांपर्यंत उशीर झाला तर पुन्हा चाचणी नको, अशी सवलतही अमेरिकेने दिली होती. पावसाळ्यात मुंबईहून उडणाऱ्याला तिची किंमत कळेल.

यावर पहिला आक्षेप येतो तो रास्त आहे. दिवस मोजले की मुदत सैल होते. रविवारी रात्री अकराला विमान असेल आणि बुधवारी रात्री बाराला गुरुवार उघडला असेल, तर ‘तीन दिवसांत’ 95 तास बसतात. खरं आहे. आणि आक्षेप घेणाऱ्याच्या लक्षात आलं नसेल तर आणखी एक दोष मीच दाखवतो. रविवारी पहाटे अडीचच्या विमानाला तोच नियम फक्त साडेचौऱ्याहत्तर तास देतो. म्हणजे दिवसांच्या नियमात मुंबईकराच्या वाट्याला सगळ्यात कमी वेळ येतो, आणि एका दिवसाच्या नियमात तर जेमतेम साडेसव्वीस तास. हा अन्याय आहेच. पण तो आधीच दिसणारा आहे. ‘शनिवारची तारीख लागल्यावर स्वॅब द्या’ हे एका वाक्यात सांगता येतं, आजींनाही आणि काउंटरवरच्या व्यक्तीलाही, आणि दोघींना त्याचा एकच अर्थ लागतो. तासांच्या नियमाबद्दल असं म्हणता येत नाही. अर्थ एकच लागतो म्हटल्यावर त्यावरून भांडण होत नाही, आणि नियमाचं निम्मं काम भांडण टाळणं हेच असतं. राहिला प्रश्न 95 तासांचा. सरकारला ते जास्त वाटत असतील तर दिवस तीनाचे दोन करावेत, पण तासांत शिरू नये.

आणि दिवसही चालत नसतील, अगदी ताजाच निकाल हवा असेल, तर चाचणी आणि उड्डाण एका छताखाली आणावं. दुबईने जून 2021 मध्ये भारतातल्या विमानतळावर विमान सुटण्याआधी चार तासांच्या आत रॅपिड पीसीआर मागितली. पुढे ऑगस्टमध्ये ते सहा तास झाले. कॅनडाने सप्टेंबर 2021च्या अखेरीस भारतातून थेट विमानं पुन्हा सुरू केली, तेव्हा दिल्ली विमानतळावरच्या ठरवून दिलेल्या प्रयोगशाळेची, सुटण्याआधी 18 तासांच्या आतली चाचणी सक्तीची केली. मुदती कितीही तोकड्या असोत, त्यांत ‘कोणाचं घड्याळ’ हा प्रश्नच उरत नव्हता. स्वॅबही तिथेच, विमानही तिथेच, नोंद करणारे कारकूनही तिथेच. मात्र याचा खर्च लपवू नये. कॅनडाला जाणाऱ्या पुणेकराला आधी दिल्ली गाठावी लागत होती. सांगलीहून सामानसुमान बांधून, घरच्यांचा निरोप घेऊन निघालेल्याला मुंबईत विमानाच्या दारात पॉझिटिव्ह कळलं, तर तिकीट, गाडीभाडं आणि नोकरीवर रुजू होण्याची तारीख एकदमच हातची जायची. आखातात राबणाऱ्या माणसासाठी यातली शेवटची गोष्ट सगळ्यात महाग. म्हणून विमानतळावरची चाचणी हा सरसकट उपाय नव्हे. पण तीन दिवसांपूर्वीच्या स्वॅबचे तास चिमट्याने मोजण्यापेक्षा ती प्रामाणिक आहे, एवढं नक्की. ती जे मोजायचा दावा करते ते निदान मोजते.

दुसरा आक्षेप नेहमीचा. प्रवाशाने जरा लक्ष दिलं तर हिशेब जमतो, जगभर लाखोंना जमलाच ना? जमला, पण कसा? तो जमवण्यासाठी लोकांनी मुदतीच्या ऐन शेवटी स्वॅब दिले, म्हणजे निकाल वेळेत येईल की नाही याची टांगती तलवार. नाहीतर दोन वेगवेगळ्या ठिकाणी दोन स्वॅब दिले, एक लवकरचा आणि एक उशिराचा, जो बसेल तो दाखवायचा. महाराष्ट्रात चाचणीचा सरकारी दर साडेचार हजारांवरून उतरत उतरत 2021 मध्ये पाचशेवर आला तेव्हा दुहेरी चाचणी परवडू लागली. त्याआधी चौघांच्या कुटुंबाला ती परवडणारी नव्हती. पुन्हा, लक्ष द्यायचं तरी कशाकडे? अमेरिकेत मार्चमध्ये घड्याळं एक तास पुढे होतात. शनिवारी तिथे स्वॅब देऊन सोमवारी भारताकडे निघणाऱ्याच्या वजाबाकीत त्या शनिवार-रविवारमध्ये एक तास फुकटचा घुसतो. हे ध्यानात ठेवणं प्रवाशाचं काम आहे असं ज्याला वाटतं, त्याने नियम लिहिताना ते स्वतःच्या तरी ध्यानात ठेवलं होतं का, हे विचारायला हवं. वैमानिक आणि नियंत्रण कक्ष जगभर एकाच वेळेवर, यूटीसीवर काम करतात. तिथे हा प्रश्न कधीच मिटला आहे. प्रवाशाच्या हातातला कागद तेवढा स्थानिक राहिला.

तिसरा आक्षेप असा की आता हे उगाळून काय फायदा? अमेरिकेने जून 2022 मध्ये चाचणी काढून टाकली, येणाऱ्या प्रवाशांनी रिपोर्ट चढवायचं आपलं एअर सुविधा पोर्टल त्याच वर्षी नोव्हेंबरात बंद झालं. पण ते बंद होऊन सहा आठवडे होत नाहीत तोच, 1 जानेवारी 2023 पासून चीन, हाँगकाँग, जपान, दक्षिण कोरिया, सिंगापूर आणि थायलंडहून येणाऱ्यांकडे भारताने पुन्हा रिपोर्ट मागितला. मागितला तोही 72 तासांचाच. म्हणजे मधल्या काळात कोणी काही शिकलं नव्हतं. जुनी ओळ फायलीतून काढून पुन्हा चिकटवली. पुढची साथ येईल तेव्हाही तीच फाइल उघडली जाईल, अशी मला तरी खात्री आहे.

तेव्हा नियम लिहिणाऱ्यांना विनंती आहे की मुदत दिवसांत लिहा, पहिलं विमान जिथून सुटतं तिथल्या तारखेने मोजा, आणि ‘रिपोर्ट’ऐवजी ‘स्वॅब’ हा शब्द वापरा. प्रयोगशाळांना विनंती त्याहून छोटी आहे. युरोपीय संघाने 1 जुलै 2021 पासून जी डिजिटल प्रमाणपत्रं दिली, त्यांत स्वॅबच्या वेळेसोबत ती कुठल्या घड्याळाची आहे हेही नोंदवलेलं असे. आपल्याकडच्या रिपोर्टवरही सँपलच्या वेळेपुढे ‘+5:30’ छापा. पाचच अक्षरं आहेत.